'बोनी'चं मराठी करताना आधी बघा, हाड कुणाला लागतंय

प्रश्न असा आहे: इंग्रजी 'बोनी' या विशेषणाला कोशात हाडकुळा, अस्थिमय, काटेरी, मोठ्या हाडांचा असे वेगवेगळे अर्थ दिलेले दिसतात. यातला खरा कोणता, तो बदलत कसा गेला, आणि भाषांतर करताना कोणता घ्यायचा?

मी पंचवीसएक वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. त्यातलं निम्म्याहून जास्त काम आरोग्याचं: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रिका, संमतिपत्रं, तपासण्यांचे अहवाल. 'बोनी' हा शब्द मला आठवड्यातून दोनतीनदा तरी भेटतो आणि दर वेळी नव्याने विचार करायला लावतो. म्हणून उत्तर थोडं लांबेल.

आधी शब्दाची घडण. 'बोन'ला इंग्रजीतला 'वाय' हा प्रत्यय लागून 'बोनी' झाला. हाच प्रत्यय 'स्टोनी', 'हेअरी', 'वॉटरी' यांच्यात आहे. त्या वस्तूशी काहीतरी संबंध आहे एवढंच तो सांगतो, कसला संबंध ते सांगत नाही. 'स्टोनी' म्हणजे दगडाचा बनलेला, दगडांनी भरलेला किंवा दगडासारखा निर्विकार, तिन्ही. मराठीत या कामांची वाटणी झालेली आहे. बनलेला असेल तर 'मय', भरलेला असेल तर 'आळ' (खडकाळ, केसाळ), बारीक आणि शुष्क दिसत असेल तर 'कुळा' (हाडकुळा, काटकुळा). इंग्रजी लेखक एक शब्द लिहून मोकळा होतो. कुठला संबंध ते आपल्याला ठरवावं लागतं, कारण आपल्या प्रत्ययांत मोघम राहायची सोय नाही.

आता इतिहास. 'बोनी' चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत आहे. सुरुवातीचा अर्थ साधा: हाडाचा किंवा हाडं असलेला. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात त्याचे दोनच अर्थ आहेत, हाडांचा बनलेला आणि हाडांनी भरलेला. नोआ वेबस्टर यांच्या १८२८ च्या अमेरिकन कोशातही हेच दोन आणि जोडीला 'हाडांसंबंधीचा'. बारीक माणसाचा पत्ता नाही. बोलण्यात तो अर्थ तेव्हाही असणार, कोशकार नेहमी मागून येतात. पण सुशिक्षित माणसाने 'बोनी' म्हटलं की आधी शरीररचना डोळ्यांपुढे येत असावी, असं यावरून वाटतं.

मधला एक टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे अर्थ अगदी उलट दिशेला होता. हाडं ठळक असणं म्हणजे मुळात हाडं मोठी असणं. शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये 'बिग-बोन्ड' माणसं येतात ती सायक्लोप्स राक्षसांच्या मापाची. आपल्याकडे 'हाडापेराने मजबूत' किंवा 'थोराड' म्हणतात तसं. वेबस्टरच्या कोशाच्या १९१३ च्या आवृत्तीत 'बोनी'चा दुसरा अर्थ आहे 'मोठ्या किंवा ठळक हाडांचा'. 'मोठ्या' आणि 'ठळक' एकाच ओळीत बसलेत. हाड मोठं असलं तरी दिसतं आणि वरचं मांस झडलं तरी दिसतं. बघणाऱ्याला दोन्ही वेळा हाडच दिसतं. शब्द धट्ट्याकट्ट्या माणसाकडून खंगलेल्या माणसाकडे कसा सरकला असेल, ते या एका ओळीत दिसतं. रोजच्या वापरात 'मोठ्या' हळूहळू मागे पडलं आणि 'ठळक' पुढे आलं.

घोड्यांच्या व्यवहारात याचा पुरावा अजून जिवंत आहे. इंग्रजीत घोड्याला 'चांगलं बोन' आहे म्हटलं की ती स्तुती असते. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली नळीच्या हाडाभोवती टेप गुंडाळून ते मोजतात, आणि माप भरलं की घोडा वजन पेलेल असं धरतात. पण तोच घोडा 'बोनी' आहे म्हटलं की त्याच्या बरगड्या दिसतात. नाम स्तुतीत राहिलं आणि त्याचंच विशेषण निंदेत गेलं. म्हणून जुनं इंग्रजी भाषांतरित करताना 'बोनी' दिसला की लगेच 'हाडकुळा' लिहू नका. वाक्यातलं माणूस ओझी उचलतंय की खोकतंय ते आधी बघा.

डिकन्सचा कपटी कारकून युराया हीप हे चांगलं उदाहरण. 'डेव्हिड कॉपरफील्ड' (१८४९-५०) मध्ये तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा उंच खांद्यांचा आणि 'बोनी' आहे, आणि त्याचा हात सापळ्यासारखा लांबलचक. मराठीत 'हाडकुळा' म्हटलं की आपल्याला दया येते. पोराला खायला मिळत नाही असं वाटतं. युरायाच्या बाबतीत डिकन्सला दया नको आहे, शिसारी हवी आहे. तिथे मी 'हाडाडलेला' असा शब्द बनवणार नाही आणि 'हाडकुळा'ही घेणार नाही. 'अंगावर नुसती हाडं वर आलेली' असं लिहीन. जास्तीचे तीनचार शब्द गेले तरी चालतील.

आता ज्यात मी रोज असते ते वैद्यक. इथे 'बोनी'चा सर्वांत जुना अर्थ टिकून आहे, आणि सर्वांत जास्त घोळही इथेच होतात.

एक्स-रेच्या अहवालात 'नो बोनी इंज्युरी' असं वाक्य असतं. ज्यांचा कधी पाय मुरगळला असेल त्यांनी ते वाचलेलं असणार. एका भाषांतरात मी 'हाडकुळी दुखापत नाही' असं वाचलं आहे. यंत्राने केलेलं होतं आणि कुणी तपासलं नव्हतं. बरोबर मराठी साधं आहे: 'हाडाला इजा झालेली नाही'. पण यातही एक मेख आहे. अहवाल फक्त हाडाबद्दल बोलतोय. अस्थिबंध ताणलाय का, स्नायू फाटलाय का, हे साध्या एक्स-रेत दिसत नाही. 'बोनी' हा शब्द तिथे कुंपणासारखा आहे: मी हाडापुरतं सांगतोय, पलीकडचं नाही. भाषांतरात नुसतं 'इजा नाही' लिहिलं तर ते कुंपण पडतं आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी सुजलेल्या पायाने जिना चढतो. म्हणून 'हाडाला' हा शब्द कधीही गाळू नका.

अंथरुणाला खिळलेल्या माणसांना होणाऱ्या जखमांविषयीची एक पत्रिका मी बऱ्याच वर्षांपूर्वी केली होती. इंग्रजीत 'बोनी एरियाज'वरची त्वचा रोज तपासा असं होतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी 'अस्थिमय भागांवरील त्वचा' लिहिलं. व्याकरणाने चूक नव्हतं. छापण्याआधी आम्ही तो खर्डा चारपाच घरी वाचायला दिला. एक मावशी होत्या, दोन वर्षं नवऱ्याची सेवा करत होत्या. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "ताई, ते जिवंत आहेत अजून." मला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं. मराठी घरात 'अस्थी' म्हणजे स्मशानातून तिसऱ्या दिवशी आणतात त्या. नाशिकला नाहीतर पैठणला नदीत सोडतात त्या. दवाखान्याच्या पाटीवर 'अस्थिरोग विभाग' चालतो, कारण पाटी कुणाच्या अंगाला हात लावून बोलत नाही. पण पलंगावरच्या माणसाच्या टाचेला आपण 'अस्थिमय' म्हणू शकत नाही.

मी त्यांच्याजवळ बसून विचारलं, तुम्ही कुठं कुठं बघता? त्यांनी हाताने दाखवलं: टाचा, घोटे, खुबे, माकडहाड, कोपरं, खांद्यामागची फरी, डोक्याची मागची बाजू. "जिथं हाड गादीला टेकतं तिथं." छापील पत्रिकेत तेच वाक्य गेलं, आणि त्याखाली जागांची नावं. इंग्रजीत दोन शब्द होते, मराठीत ओळ झाली. पण ती ओळ वाचून बाई नेमकी त्या जागी हात लावते. पुढे कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबल्यावरही लाली गेली नाही तर दवाखान्यात कळवा असं वाक्य होतं. तेही मग आपोआप कळायला लागलं, कारण बोट कुठं ठेवायचं ते ठरलेलं होतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. जिवंत माणसाशी बोलताना हाड, विद्यार्थ्याशी बोलताना अस्थी. इंग्रजीतही अशी जोडी आहे, फक्त तिथे मृत्यूची सावली नाही. 'बोनी' घरचा, 'ऑसियस' लॅटिनमधून आलेला आणि 'ऑस्टिओ' ग्रीकमधून. गंमत अशी की लॅटिनचा 'ऑस', ग्रीकचा 'ऑस्टिऑन' आणि आपला संस्कृत 'अस्थि' ही एकाच घरची भावंडं आहेत. 'बोन' मात्र त्या घरचा नाही. तो जर्मानिक भाषांतला. त्याचं जर्मन रूप 'बाइन' आज 'पाय' या अर्थी चालतं, हाडासाठी जर्मन माणूस 'क्नोखन' म्हणतो. पण हस्तिदंताला अजून 'एल्फेनबाइन' म्हणतात, अशा शब्दांत जुनं हाड शिल्लक आहे. आपलं 'हाड'ही प्राकृत 'हड्ड'मधून आलेलं. म्हणजे ऑस्टिओपोरोसिस हा शब्द पुण्यातल्या आजी सहज बोलतात तेव्हा त्या नकळत आपल्याच 'अस्थि'च्या चुलत भावाचं नाव घेत असतात.

वैद्यकात 'बोनी'चे आणखी दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही हाताने कळतात.

पहिला: 'बोनी हार्ड'. गाठ तपासताना डॉक्टर ती किती कडक आहे ते लिहितात. विद्यार्थ्यांना शिकवायची एक जुनी रीत आहे. स्वतःच्या ओठाला बोट लावा, ते मऊ. नाकाच्या शेंड्याला लावा, ते घट्ट. कपाळाला लावा, ते कडक, म्हणजेच 'बोनी हार्ड'. गाठ हाडाची बनलेली आहे असं यात म्हटलेलं नाही, बोटाला हाडासारखी लागते एवढंच. इथे 'हाडाची गाठ' लिहिलं तर निदानच बदलतं. 'हाडासारखी कडक गाठ' लिहा.

दुसरा फिजिओथेरपीतला 'बोनी एंड फील'. 'एंड फील' म्हणजे सांधा शेवटी थांबताना हाताला कसा लागतो ते. आत्ता वाचता वाचता हात सरळ करून बघा. कोपर पूर्ण उघडलं की एका ठिकाणी खट्कन थांबतं, पुढे जराही लवचीकपणा नसतो. तिथे कोपराच्या टोकाचं हाड दंडाच्या हाडातल्या खळग्यात जाऊन टेकतं. आता हात मिटवा. या वेळी मांसाला मांस लागून हळूच थांबतो. पहिली थांबण्याची जात म्हणजे 'बोनी'. कोपर सरळ करताना ती अगदी निरोगी आहे, पण ज्या सांध्यात ती नको तिथे जाणवली तर काहीतरी अडतंय. मी याला 'हाडाला हाड टेकल्यासारखं थांबणं' म्हणते. एका शब्दात बसवायचा मोह मी सोडला आहे.

आणि कानातला 'बोनी लॅबिरिंथ'. नाव ऐकून वाटतं की हाडाची काहीतरी वळणावळणाची वस्तू असेल. प्रत्यक्षात ती कानशिलाच्या हाडात कोरलेली पोकळी आहे, तिच्या आत पातळ पडद्याचा दुसरा चक्रव्यूह असतो. इथे 'बोनी' म्हणजे हाडाच्या आतला. 'मय' प्रत्यय इथे थोडा खोटा पडतो, पण पाठ्यपुस्तकांत रूढ असल्याने मी तो बदलत नाही.

आता मासे. इथला गोंधळ सर्वांत गोड आहे आणि तो सोडवायची किल्ली कोकणातल्या स्वयंपाकघरात आहे.

प्राणिशास्त्रात 'बोनी फिश' म्हणजे अस्थिमत्स्य, ज्यांचा सांगाडा हाडाचा असतो. त्यांच्या उलट उपास्थिमत्स्य, म्हणजे मोरी (कुठे मुशी म्हणतात) आणि पाकट. यांच्या अंगात हाड नाही, हाडापेक्षा मऊ आणि लवचीक अशी कूर्चा असते. स्वयंपाकाच्या पुस्तकातला 'बोनी फिश' मात्र वेगळा, तोंडात बारीक काटे लागणारा. आपण माशाच्या काट्याला हाड म्हणतच नाही. 'या माशात फार हाडं आहेत' असं मालवणात म्हटलं तर समोरचा तुमच्याकडे बघत राहील. म्हणजे मराठीला इथे दोन शब्द अगदी तयार मिळालेत, अस्थिमत्स्य आणि काटेरी मासा, आणि दोन्ही वेगळ्या खणांत आहेत.

सुरमई घ्या. शास्त्राने ती 'बोनी फिश', पण ताटात ती अजिबात 'बोनी' नाही, मधला एक काटा काढला की लहान मूलही खातं. करली दोन्ही अर्थांनी 'बोनी'. माझ्या आत्याकडे करली आली की ती सुरीने अंगभर जवळजवळ चिरा मारायची, इतक्या जवळ की बारीक काटे जागच्या जागी तुटायचे, मग मीठ-मसाला चोळून कुरकुरीत तळायची. आम्हा मुलांना पहिल्यांदा द्यायची तेव्हा शेजारी सुका भात ठेवायची, काटा अडकला तर गिळायला. (हा उपाय खरं तर करू नये, अडकलेला काटा आणखी खाली रुतू शकतो, कान-नाक-घशाचे डॉक्टर हेच सांगतात.) बोंबील शास्त्राने अस्थिमत्स्यच, पण त्याचा काटा इतका मऊ की ताजा बोंबील तळला तर काट्यासकट जातो. उलट टोकाला स्टर्जन, ज्याच्या अंड्यांना कॅव्हिआर म्हणतात. तो वर्गीकरणात 'बोनी फिश' आहे आणि त्याचा आतला सांगाडा बहुतांश कूर्चेचा. तिथे 'बोनी' हे वर्णन उरलेलं नाही, कुळाचं नाव झालंय.

उत्क्रांतीचा हिशेब लावणारे शास्त्रज्ञ तर आता म्हणतात की चार पायांचे सगळे प्राणी याच कुळातून निघाले, म्हणजे नीट वंशावळ मांडली तर तुम्ही-आम्हीही त्या 'बोनी' गटात येतो. विज्ञानाचं भाषांतर करणाऱ्यांनी तिथे 'मत्स्य' शब्द सांभाळून वापरावा.

पाककृतींत आणखी एक सख्खा भाऊ भेटतो, 'बोन्ड'. याने मला एकदा फसवलं आहे. 'बोन्ड शोल्डर ऑफ लँब' असं होतं आणि मी 'हाडासकट' लिहिलं. अर्थ बरोबर उलटा आहे: हाड काढलेलं. कारण 'बोन' हे इंग्रजीत क्रियापदही आहे, त्याचा अर्थ हाड काढणे. पण 'बिग-बोन्ड'मधला 'बोन्ड' नामापासून बनलाय, तिथे हाड आहे. रूप एक, जन्म दोन. हा घोळ इंग्रजांनाही छळतो; 'डीबोन्ड' हा शब्द त्यामानाने जास्त स्पष्ट. आपण मटणाच्या दुकानात 'बोनलेस' म्हणतो, तेच लिहावं. तिसरा 'बोन्ड' शिवणकामातला: जुन्या युरोपीय चोळ्या ताठ राहाव्यात म्हणून त्यांत 'व्हेलबोन'च्या पट्ट्या घालत. व्हेलबोन हे हाडच नाही. व्हेलच्या तोंडातल्या गाळणीचे ते तुकडे, केराटिनचे, म्हणजे आपल्या नखाच्या जातीचे. तिथे 'हाडांची चोळी' लिहिण्यापेक्षा 'ताठ पट्ट्या घातलेली चोळी' बरी.

नावांच्या चकव्यांबद्दल दोन वाक्यं. 'बॉनी' हा स्कॉटिश शब्द म्हणजे देखणा, त्याचा हाडाशी संबंध नाही. आणि १८०३ च्या सुमारास जेम्स गिलरे यांच्या व्यंगचित्रांत 'लिटल बोनी' दिसतो तो नेपोलियन बोनापार्ट, आडनावाचा तुकडा. देवनागरीत लिहिलं की विशेषण आणि हे टोपणनाव अगदी सारखं दिसतं.

शेवटी जमिनीकडे. अमेरिकेत खाणीतला 'बोनी' कोळसा म्हणजे पाटीसारखा दगड मिसळलेला, जास्त राख देणारा. पश्चिम पेनसिल्व्हेनियात अशा टाकाऊ मालाच्या टेकड्यांना 'बोनी पाइल' म्हणतात. याला 'दगडाळ कोळसा' म्हणावं असं पटकन सुचतं, पण मराठीत खाणीतल्या सगळ्याच कोळशाला आपण दगडी कोळसा म्हणतो, लोणारी कोळशापासून वेगळा करायला. म्हणून मी 'पाटीदगड मिसळलेला कोळसा' लिहिते.

नावा वल्हवणारे आणि बर्फावर घसरणारे लोक तर हल्ली नदीला आणि डोंगरालाही 'बोनी' म्हणतात. पाणी कमी होऊन खडक वर आलेत, किंवा बर्फ इतका पातळ आहे की खालचे दगड टोचतात. युरायाच्या अंगावर जे दिसतं तेच इथे नदीच्या अंगावर दिसतंय. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करणाऱ्यांना हे सहज कळेल. वरून वीजप्रकल्पाचं पाणी सुटलं की सगळं झाकलेलं असतं, पाणी बंद झालं की तासाभरात नदीची हाडं वर यायला लागतात. तिथले लोक मला त्यासाठी एकच शब्द म्हणताना ऐकू आले: "पात्र उघडं पडलं." तुमच्या मजकुरात हा अर्थ आला तर तोच घ्या.